मदत हवी आहे: इलेक्ट्रोलिसिसनंतरही हेल्मेट गंजतंय

मंडळी, जमीनमालकाच्या परवानगीने जमिनीत जुन्या वस्तू शोधताना दुसऱ्या महायुद्धातलं एक जर्मन पोलादी हेल्मेट सापडलं. (शेजारी एक तोफगोळाही होता. त्याला हात न लावता आधी पोलिसांना कळवलं.)

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, कमी करंटवर तीन दिवस इलेक्ट्रोलिसिस (पाण्यातून वीज सोडून गंज सोडवणं) केलं. अॅनोडला (विजेच्या धन टोकाला) साधी लोखंडी सळी वापरली. स्टेनलेस मुद्दाम टाळलं, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. गंज छान सुटला. धुऊन, वाळवून ठेवलं आणि पंधरा दिवसांत कडेला नारिंगी, ओलसर थेंब! म्हणजे गंज चढवणारे मातीतले क्लोराइड क्षार (मिठासारखे) अजून आत आहेत, असा माझा अंदाज. यावर संरक्षक मेण चढवणं म्हणजे चोर घरात कोंडून बाहेरून कडी लावणं.

आता पुन्हा इलेक्ट्रोलिसिस करू, की डिस्टिल्ड वॉटर बदलत काही आठवडे भिजवू? क्षार संपले हे सिल्व्हर नायट्रेटने (क्लोराइड असेल तर पाणी पांढरं गढूळ करणारं रसायन) तपासताना पाण्यातला सोडा आड येतो, तेव्हा तुम्ही आधी नायट्रिक आम्ल घालता का?

खरी धास्ती वेगळीच आहे. आतल्या बाजूला मूळ हिरव्या रंगाचा तळहाताएवढा तुकडा टिकलाय. तो गेला तर हेल्मेट चकचकीत करून उपयोग काय? गंज विरघळवणाऱ्या ऑक्झॅलिक आम्लाने रंग वाचतो म्हणतात. स्वतः करून पाहिलेल्यांनीच सांगा, प्रमाण आणि वेळेसकट.