विषय: कसाऱ्याहून सायकली परत आणायच्या कशा? (उत्तर सगळ्यांना पाठवा, मला एकट्याला नको)

खजिनदार, ठाणे
सोमवार, रात्री १०.५०

मंडळी, सायकल सहल २६ डिसेंबरला पक्की. १४ जण. पहिल्या दिवशी कल्याण, मुरबाड, माळशेज चढून ओतूर मुक्काम. दुसऱ्या दिवशी ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूरवरून भंडारदरा. तिसऱ्या दिवशी घोटी, इगतपुरी आणि घाट उतरून कसारा. मस्कतहून पाच जण येताहेत, त्यांच्या सायकलींचं वेगळं लिहितो.

अडलंय ते शेवटी. कसाऱ्याला दुपारी चौदा दमलेली माणसं आणि चौदा सायकली. माणसं लोकलने येतील. सायकलींचं काय? छोटा हत्तीवाला जाऊन-येऊन भाडं मागतोय, म्हणजे तो रिकामा वर जाणार त्याचेही पैसे आपल्याच डोक्यावर. शिवाय पुढची चाकं काढली तरी त्यात आठ, फार तर नऊ मावतील. वरंध घाटाच्या सहलीचा हिशेब अजून तिघांनी चुकता केलेला नाही, नावं घेत नाही. स्वस्तातलं सुचवा.

आबा, दादर
सोमवार, रात्री ११.२०

यात अवघड ते काय? लोकलचा माल डबा! मी १९८४ साली परळहून कसाऱ्यापर्यंत सायकल माल डब्यातून नेलेली आहे, मासळीच्या टोपल्यांना टेकवून. काळी, बावीस इंची. गिअर नाहीत, बाटलीचा स्टँड नाही, काही नाही. घरी आल्यावर आईने मला आणि सायकलला एकत्रच अंगणात उभं केलं होतं.

बाकी, मार्ग ठरवताना मला एक फोन झाला असता तर बरं वाटलं असतं. सायकल सहलीची कल्पना मंडळात पहिल्यांदा कोणी मांडली हे जुन्यांना ठाऊक आहे.

वहिनी, डोंबिवली
मंगळवार, सकाळी ७.०५ (लोकलमधूनच लिहितेय)

आबा, १९८४ साली त्या डब्यात मासळी असायची, आता माणसं असतात. एका गाडीत दोन सायकली म्हणजे खूप झाल्या. चौदा सायकलींना सात गाड्या, आणि कसारा लोकल काही दर पाच मिनिटांनी नसते. पहिली जोडी घरी जेवून झोपेल तेव्हा शेवटची जोडी फलाटावरच.

आणि माझा अनुभव ऐका. गेल्या पावसाळ्याआधी मी हाच उद्योग केला. मधल्या एका स्टेशनात दुधाचे कॅन आत आले, सायकल आडवी झाली, तीही उजव्या अंगावर. दिसायला खरचटलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी चढावर सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन टाकली आणि डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा उजवीकडचा भाग, थेट आऱ्यांत. तो फ्रेमला ज्यावर लटकतो तो हँगर वाकला होता. बोटाच्या दोन पेरांएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, पण प्रत्येक फ्रेमचा वेगळा, दुकानात मागितला आणि मिळाला असं होत नाही. आठ दिवस सायकल भिंतीला. तेव्हा ज्याला जे करायचं ते करा, सायकल डाव्या अंगावर ठेवा.

दादा, मस्कत
मंगळवार, सकाळी ९.४०

एक सुचवतो. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला ना? इगतपुरी ते आमणे, ७६ किलोमीटर. व्हिडिओ बघितला, रस्ता लोण्यासारखा. कसाऱ्याला उतरायचंच कशाला, सरळ भिवंडीपर्यंत घरंगळत येऊ. चढाची काळजी आमची करू नका. टूर ऑफ ओमानवाले जबल अखदरच्या ज्या चढावर शर्यत लावतात तिथे आम्ही शुक्रवारी सराव करतो. पावणेसहा किलोमीटर, सरासरी दहा टक्के. आमच्यातले दोघे न उतरता गेले.

वहिनी, डोंबिवली
मंगळवार, सकाळी १०.१५

दादा, समृद्धीवर मोटारसायकललाही जाऊ देत नाहीत, सायकल दूरच. इगतपुरीचा बोगदाच जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. गेल्या वेळी तुम्ही अटल सेतूचं विचारलं होतंत, तेव्हाही हेच लिहिलं होतं. व्हिडिओ ड्रोनने काढतात.

(न उतरता गेले ते दोघे कोण? तुम्ही त्यांत आहात का?)

धाकटा, बोरिवली
मंगळवार, दुपारी १.३०

घोटीहून भाजीचे पिकअप मुंबईकडे येतातच की. तिथेच सायकली टाकू, घाट उतरायचा तेवढा सोडून देऊ. पिकअपचा हौदा छोटा हत्तीपेक्षा लांब असतो. दोन गाड्यांत चौदा आरामात.

ताई, मुलुंड
मंगळवार, दुपारी ३.००

धाकट्या, उलटं आहे ते. माझे मामा घोटीचे, घरचा पिकअप आहे म्हणून सांगते. गाडी रात्री भरून खाली येते. कोबी, टोमॅटो, असेल ते. पहाटे कल्याणच्या बाजार समितीत माल उतरतो आणि सात-आठच्या सुमारास गाडी रिकामी वर जाते. म्हणजे घोटीहून निघताना तिच्यात सायकल सोडा, पेंडी ठेवायला जागा नसते. रिकामी असते ती वर जाताना.

मग आपणच उलटं का जाऊ नये? सकाळी कल्याणला रिकाम्या पिकअपमध्ये सायकली चढवा, आपण लोकलने कसारा आणि तिथून जीपने घोटी. पुढे बारीवरून, म्हणजे कळसूबाईच्या पायथ्यावरून, भंडारदरा. दुसऱ्या दिवशी कोतूळवरून ओतूर. तिसऱ्या दिवशी माळशेज उतरून पॅडल मारत थेट कल्याण. परत आणायचा प्रश्नच उरत नाही, सायकली आपणच आणतो. मामांना विचारलं. डिझेलपुरतं द्या म्हणाले.

आबा, दादर
मंगळवार, दुपारी ३.२५

म्हणजे चढ टेम्पोने आणि उतार सायकलने! याला सहल म्हणायची की घसरगुंडी? कसारा घाट चढल्याशिवाय सह्याद्री चढला असं मी मानत नाही.

खजिनदार, ठाणे
मंगळवार, सायंकाळी ६.१०

आबा, कसाऱ्याला आगगाडीलाही मागून जादा इंजिनं लावतात. रुळांचा चढ १:३७ आहे, म्हणजे सदतीस मीटरला एक मीटर वर. तुम्हाला मागून कोण लावायचं? आणि ब्राह्मणवाड्याच्या अलीकडे-पलीकडे चढ काय कमी आहेत?

ताई, तुमचं एकदम पटलं. डिझेलपुरतं म्हणजे नेमकं किती, तेवढं मामांना विचारा.

धाकटा, बोरिवली
मंगळवार, सायंकाळी ६.४०

मग तिसऱ्या दिवशी ओतूरहून पहाटे साडेचारला निघू. शंभरावर किलोमीटर आहेत, मुरबाडनंतर ऊन खातं.

ताई, मुलुंड
मंगळवार, रात्री ८.१५

साडेचारला अजिबात नाही. ओतूर-जुन्नरचा सगळा पट्टा उसाचा आणि बिबट्यांचा. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. तिथे लोक सांगतात, वाकलेला माणूस बिबट्याला जनावरासारखा दिसतो, आणि खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर आपण सगळे वाकलेलेच. शिवाय डिसेंबरात कारखाने चालू, उसाच्या जोड-ट्रॉल्या अंधारात दिवा न लावता जातात. मला बिबट्यापेक्षा त्यांचीच धास्ती. उजाडल्यावर निघायचं. माळशेजच्या वळणांवर बारीक खडी असते, तीही उजेडातच दिसते.

आबा, दादर
मंगळवार, रात्री ८.४०

मी कसाऱ्याहून सायकलनेच वर येतो. घाटाच्या माथ्यावर, घाटनदेवीच्या देवळाशी माझी वाट बघा. कुणी मागून लावायची गरज नाही.

खजिनदार, ठाणे
मंगळवार, रात्री १०.३०

ठरलं. उलटा मार्ग. आबांची सायकल पिकअपमध्ये धरलेली नाही. आबा, माल डब्याचं तुमचं तुम्ही बघा, एक सायकल चढेल.

बाकी तेरा जणांनी: पिकअपच्या तळाला कोबीचा पाला आणि ओल असते, तेव्हा प्रत्येकी दोन कोरडी पोती आणि एक जुनी चादर. दोन सायकलींच्या मध्ये चादर, सगळ्या डाव्या अंगावर, पॅडल काढून. कल्याणला सकाळी सातला. मामा थांबणार नाहीत. आणि वरंधचे पैसे.

दादा, मस्कत
बुधवार, सकाळी ८.५५

पॅडल काढायला १५ चा पाना लागतो ना? मी इथून आणतो. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं का उजवं?

वहिनी, डोंबिवली
बुधवार, सकाळी ९.१०

डावं. वरंधला तुम्ही अर्धा तास ते आवळतच बसला होतात.