प्रकाशाचा वेग मिळाला तरी सगळं विश्व गाठता येणार नाही

पंचगंगाकाठ: आपल्या कोल्हापूरच्या गटात काल कुणीतरी लिहिलं, "प्रकाशाच्या जवळपास वेग मिळाला की माणूस कुठल्याही दीर्घिकेत पोचेल, फक्त वेळ लागेल." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, जी दीर्घिका आज सुमारे १६५० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे आहे, तिथं आज इथून निघालेला प्रकाशसुद्धा कधीच पोचत नाही, कारण मधलं विश्वच प्रसरण पावतंय. दृश्य विश्वाची त्रिज्या सुमारे ४६०० कोटी. दोन्हींचं घनफळ काढून बघा, नव्वद टक्क्यांहून जास्त भाग आजच हातचा गेलाय.

रंकाळा_रात्र: १४०० कोटींपलीकडचं सगळं प्रकाशापेक्षा वेगानं पळतंय. मग सीमा १६५० कशी?

पंचगंगाकाठ: कारण ते १४०० कोटींचं हबल अंतर अजून वाढतंय. सुरुवातीला मागं ओढला जाणारा प्रकाश नंतर त्या अंतराच्या आत येतो आणि पुढं सरकतो.

उद्यमनगर_लेथ: ही गाठता येण्याची सीमा, म्हणजे क्षितिज, राहू दे, इंजिनाचं बोला. शेजारची देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर, आणि ती तर आपल्याकडेच येतेय. अर्ध्या वाटेपर्यंत १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाएवढं, त्वरण, पुढं तेवढंच मंदन, की यानातल्या घड्याळात २८-२९ वर्षं. पण सगळं इंधन प्रकाशात बदलणारं आदर्श रॉकेट धरलं तरी १ किलो मालामागं ६०० कोटी टनांहून जास्त इंधन! मधोमध समोरून आदळणारा प्रत्येक प्रोटॉन एलएचसी या महाकाय कणवेगकातल्या प्रोटॉनच्या शंभरपटीहून जास्त ऊर्जेचा. कवच कशाचं करणार?

शाहूपुरी_४थी_गल्ली: क्षितिजाचे हे आकडे महास्फोट धरून. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली. त्यांनी जन्मभर महास्फोटाला विरोध केला आणि इथं त्यांचं नावही नाही?

पंचगंगाकाठ: नाव घेता तर वाचा तरी! बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांच्या १९४८च्या स्थिर स्थिती सिद्धांतात, म्हणजे महास्फोट न मानणाऱ्या सिद्धांतात, प्रसरण घातांकी आहे, ठरावीक काळात दुप्पट होत जाणारं. तिथंही क्षितिज आहेच, आणि ते कायम तेवढ्याच अंतरावर राहतं.

शाहूपुरी_४थी_गल्ली: आवाज खाली ठेवा. मी १९९३च्या प्रतिकृतीबद्दल बोलतोय, हॉयल-बर्बिज-नारळीकर. त्यात विश्व सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनानं फुगतं-आकसतं आणि शिवाय एकूणात सावकाश फुगत जातं; त्या सावकाश फुगण्याचा काळ आवर्तनाच्या कितीतरी पट. तुमचं १६५० तिथं लागू होत नाही. दूरचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट पावणारे तारे, फिके दिसतात ते विश्वाचं प्रसरण वेगावतंय म्हणून नव्हे, तर लोखंडाच्या सूक्ष्म सुयांच्या धुळीमुळं, हेही त्यांनी मांडलंय.

पंचगंगाकाठ: त्या प्रतिकृतीत क्षितिज फार लांब जातं, एवढं मान्य. पण वैश्विक पार्श्वप्रारणातले, म्हणजे सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींतले, चढउतार ती नीट सांगू शकत नाही, म्हणून माझा आकडा तोच.

उद्यमनगर_लेथ: भांडा निवांत. कन्या हा दीर्घिकांचा समूह जेमतेम साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, दोघांच्याही क्षितिजाच्या आत. तिथं थांबायचं तर इंधन देवयानीच्या सुमारे ४८० पट लागेल, कारण ते अंतराच्या वर्गानं वाढतं. त्याचं उत्तर कुणाकडंच न्हाई.