मदत हवी आहे: १ मेच्या झेंडावंदनाला काय घालू?

मंडळी, महाराष्ट्र दिनाला आमच्या वेंगुर्ल्यात सकाळच्या झेंडावंदनाचं सूत्रसंचालन यंदा माझ्याकडे आलंय. ऊन एकवेळ सोसेल, पण ही दमट हवा! आठ वाजताच कपडे पाठीला चिकटतात. नऊवारी, फेटा, नथ हा थाट नकोय (दरवर्षी निम्मं पटांगण तसंच नटून येतं). साधं, पण नीटनेटकं उठून दिसेल असं सुचवा.

मनात पांढरी मलमलची कुर्ती आणि त्यावर खणाचं बिनबाह्यांचं जाकीट आहे. पण खणाला अस्तर लावलं की घामाचं काय? बिनअस्तराचं कोणी शिवून घेतलंय का? लिनन आवडतं, पण खुर्चीतून उठलं की चुरगळलेलं दिसतं. तिसरा पर्याय मंगळगिरी सुती साडी, बारीक जरीकाठाची. तिला खळ द्यावी का? आमच्याकडे खळ दुपारपर्यंतही टिकत नाही.

रंगाचंही सांगा. राखाडीवर घाम लगेच दिसतो, म्हणून तो बाद. गडद निळा घ्यावासा वाटतो, पण हातछपाईचा कच्चा रंग पांढऱ्यावर उतरला तर?

बजेट दोन हजार. कुडाळ-सावंतवाडीकडे चांगलं सुती कापड कुठे मिळेल? आणि वेळेत शिवून देणारा शिंपी माहीत असेल तर आधी तेच सांगा.