लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला जात आहे; तिथल्या सरकारी दवाखान्यावर माझा हक्क किती?

प्रश्न (उदगीर)

नमस्कार. माझे जावई स्किल्ड वर्कर व्हिसावर लेस्टरला नोकरीस आहेत आणि लेक डिपेंडंट व्हिसावर दीड वर्षापासून त्यांच्यासोबत राहते. तिला सातवा महिना लागला आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. पण एवढा लांबचा प्रवास तिला झेपणार नाही, म्हणून माहेरच तिच्याकडे निघाले आहे. मला सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा मिळाला असून मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. व्हिसा काढताना दोघांनी तीन वर्षांचा आरोग्य अधिभार म्हणून सहा हजारांहून अधिक पौंड आगाऊ भरले, असे जावई सांगतात. आपल्याकडच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत एका रेशनकार्डावर सगळे घर बसते, तसे त्या पैशांत माझेही औषधपाणी बसावे, असे आमच्या यांचे म्हणणे आहे. ते खरे धरून चालावे का?

उत्तर १ (नांदेड, काही वर्षे इंग्लंडमध्ये परिचारिका)

काकू, नाही. रेशनकार्डाची उपमा इथेच फसते, कारण तिथे हक्क घराला नसतो. ज्याच्या त्याच्या व्हिसाला असतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून हा अधिभार प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थी व १८ वर्षांखालील मुलांना ७७६ पौंड आहे. तीन वर्षांचे माणशी ३,१०५ होतात, म्हणजे जावयांचा हिशेब बरोबर आहे. पण त्यातून दोनच माणसांचा हक्क तयार झाला. आम्हा परिचारिकांना हेल्थ अँड केअर व्हिसावर तो भरावाच लागत नाही, तरी उपचार मात्र इतरांसारखेच मिळतात.

लेकीची काळजी नको. तपासण्या, सोनोग्राफी, प्रसूती, गरज पडल्यास सिझेरियन, सगळे तिच्या हक्कात येते. सुईणीकडून अर्ज भरून घेतला, तर गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभर औषधांचे व एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दंतवैद्याचेही शुल्क लागत नाही. पुष्कळ मुली हा अर्ज भरतच नाहीत.

उत्तर २ (परभणी)

एक गोष्ट अनुभवाची सांगतो. वडील माझ्या भावाकडे गेले असताना रात्री छातीत कळ आली. आकस्मिक विभागात ईसीजी झाला, रक्त तपासले, कोणी पैशाचे नाव काढले नाही, आणि आम्ही इकडे निर्धास्त झालो. पहाटे त्यांना वॉर्डात हलवले. दुपारी एक बाई फॉर्म घेऊन खाटेपाशी आल्या आणि त्यांनी अत्यंत सौजन्याने पासपोर्ट मागितला. आकस्मिक विभागातला उपचार कोणालाही मोफत असतो, परंतु तिथून दाखल करून घेतले की पाहुण्याला आकार लागू होतो आणि तोही एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट, हे आम्हाला त्या फॉर्मवरून कळले.

वडिलांचा प्रवासविमा होता, पण विमा उतरवताना एजंटाने रक्तदाबाचा रकाना कोरा सोडला होता आणि कंपनीने त्यावर बोट ठेवून दावा फेटाळला. बिल आम्ही हप्त्याहप्त्याने फेडले. ते फेडणे भागच होते, कारण ५०० पौंड किंवा त्याहून अधिक बाकी दोन महिन्यांवर राहिली तर ती गृहखात्याला कळवली जाते आणि पुढचा व्हिसा त्यावरून नाकारला जाऊ शकतो. वडिलांना पुन्हा जायचे होते.

उत्तर ३ (जालना)

वरच्या उत्तरांत थोडी भर. जीपीचा, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरचा सल्ला पाहुण्यालाही मोफत असतो, त्यामुळे ताप-खोकल्यासाठी घाबरू नये. गोळ्या मात्र इथूनच पुरेशा न्याव्यात, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत असावी.

बाळाविषयी कोणी लिहिले नाही. तिथे जन्मले म्हणून ते आपोआप ब्रिटिश नागरिक होत नाही. त्यासाठी आई-वडिलांपैकी एकजण ब्रिटिश किंवा तिथे कायम वास्तव्याचा हक्क असलेला हवा. अधिभार भरलेल्या आईच्या बाळाला पहिले तीन महिने उपचार मोफत मिळतात. पुढे त्याचाही व्हिसा आणि अधिभार येतो. बारशाच्या गडबडीत हा अर्ज मागे पडू देऊ नका.

माझा मुलगा कॅनडात आहे. तिथे आई-वडिलांच्या सुपर व्हिसासाठी किमान एक लाख डॉलरचा, वर्षभराचा आरोग्यविमा दाखवल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही. तेव्हा ती अट जाचक वाटली होती. परभणीचा अनुभव वाचून तसे म्हणवत नाही. इंग्लंड विमा मागत नाही, इतकाच फरक.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. दुपारीच विम्याचे कागद काढून पाहिले. 'पूर्वीचे आजार' या रकान्यात 'नाही' असे टाइप केलेले होते आणि खाली माझी सही होती. एजंटाला घरी बोलावून दोन्ही आजार लिहायला लावले. हप्ता जवळजवळ दुप्पट झाला आहे. यांनी आधी कुरकुर केली, मग परभणीचे उत्तर चष्मा लावून दोनदा वाचले आणि मुकाट्याने पैसे भरले. आता बाळाच्या अर्जाचे जावयांच्या कानावर घालते.