‘सर्व्हिस एक्स्पोज करणे’: उघड, उघडी की खुली?

विचारणा

आमच्या पतसंस्थेच्या संगणकप्रणालीचं माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. आतल्या सर्व्हरवर तीन सेवा चालतात: खातेउतारा, कर्जमागणी आणि व्याजदर बदलणं. सभासदांच्या मोबाइल अ‍ॅपला पहिल्या दोनच मिळायला हव्यात, म्हणून पुढे इंजिनएक्स (nginx) या वेबसर्व्हर प्रोग्रॅमची रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरून आलेली मागणी घेऊन ती आतल्या सर्व्हरकडे पोहोचवणारी मधली यंत्रणा, बसवली आहे. ‘प्रॉक्सीमार्फत निवडक सेवा उघड केल्या आहेत’ असं लिहिलं, तर सहकाऱ्यानं विचारलं, ‘म्हणजे माहिती फुटली का?’ एक्स्पोज (सेवा बाहेरच्यांना वापरता येईल अशी ठेवणे) आणि रिव्हर्स प्रॉक्सी, दोन्हींसाठी शब्द सुचवा.

प्रतिसाद

सहकाऱ्याची शंका रास्त आहे. मराठीत उघड होतं ते गुपित, नाहीतर लबाडी. आपण होऊन वापरायला दिलेल्या गोष्टीला ‘खुली करणे’ म्हणतात. पूल वाहतुकीला खुला होतो, देऊळ दर्शनाला खुलं होतं. ‘उतारा सेवा अ‍ॅपला खुली आहे’ म्हटलं की कुणाला खुली, हेही त्याच वाक्यात येतं. ‘उघडी राहणे’ आणि ‘उघडी पडणे’ मात्र चुकीसाठी राखून ठेवा.

हा फरक प्रत्यक्ष कामातही लागतो. आतली सेवा ०.०.०.० या पत्त्यावर, म्हणजे मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर, ८०८० पोर्टला (जोडणीच्या क्रमांकित दाराला) ऐकत असेल आणि नको त्या जोडण्या अडवणारी फायरवॉल आडवी नसेल, तर प्रॉक्सीला वळसा घालून कुणीही थेट तिथे पोहोचतो. खुल्या केल्या दोन, उघड्या राहिल्या तिन्ही. प्रॉक्सी त्याच मशीनवर असेल तर सेवा १२७.०.०.१ वरच, म्हणजे फक्त त्याच मशीनवरून पोहोचता येणाऱ्या पत्त्यावर, ऐकू द्या.

प्रतिसाद

वरच्याला दुजोरा. रिव्हर्स प्रॉक्सीचं ‘उलट प्रॉक्सी’ कृपया करू नका, त्यातून काहीही कळत नाही. कॉलेजातल्या ‘प्रॉक्सी मारण्या’मुळे आपल्याकडे या शब्दाला खोट्या हजेरीची छटा चिकटली आहे. मुळात तो लॅटिनमधल्या दुसऱ्याच्या वतीनं कारभार पाहण्याच्या शब्दावरून आला आहे. आपल्या ‘मुखत्यार’चं कामही तेच. मग कोण कुणाच्या वतीनं, एवढं सांगितलं की झालं: ऑफिसातली वेबसाइट अडवणारी प्रॉक्सी वापरणाऱ्याच्या वतीनं बाहेर जाते, तुमची प्रॉक्सी सर्व्हरच्या वतीनं येणाऱ्याला उत्तर देते. माहितीपत्रकात एकदा ‘सर्व्हरची मुखत्यार प्रॉक्सी’ लिहा, पुढे नुसतं प्रॉक्सी चालेल.

मुखत्यारपत्राचे दोन प्रकार इथे चपखल बसतात. कोणत्या वाटेवरची (वेबपत्त्यावरची) मागणी कुठे जाईल, हे इंजिनएक्समध्ये ‘लोकेशन’ या ओळीनं ठरतं. तिथे ‘लोकेशन /’ लिहून सगळं आत धाडलंत तर ते कुलमुखत्यारपत्र झालं. ‘लोकेशन /सेवा/’ लिहिलंत तरी त्या वाटेखाली उद्या कुणी नवी सेवा जोडली की ती आपोआप खुली होते. ‘लोकेशन = /सेवा/उतारा’ असं बरोबरचं चिन्ह घालून लिहिलं की तेवढीच वाट जुळते. हे खास मुखत्यारपत्र. पतसंस्थेच्या व्याजदराचा प्रश्न असताना मी दुसरं काही सुचवणार नाही.

विचारणा करणारीकडून

‘खुली’ घेतला. पण मग आतला सर्व्हर बंद असला की ५०२ ‘बॅड गेटवे’ हा त्रुटीचा क्रमांक का येतो? गेटवे आम्ही बसवलेलाच नाही.

प्रतिसाद

बसवला आहे. एचटीटीपीचं, म्हणजे वेबवर मागणी-उत्तर कसं चालतं त्या नियमांचं, २०२२ चं मानक, आरएफसी ९११०, गेटवे आणि रिव्हर्स प्रॉक्सी एकाच अर्थानं वापरतं. ५०२ म्हणजे आतून धड उत्तर आलं नाही, ५०४ म्हणजे वेळेत आलं नाही. तक्रार घेणाऱ्यांसाठी ‘प्रॉक्सी जागी आहे, आतली सेवा बोलत नाही’ असं लिहा, ते नेमकं ठरेल.

प्रतिसाद

न दिलेल्या सेवेसाठीही शब्द ठरवून टाका. ४०३ म्हणजे ‘मनाई’, ४०४ म्हणजे ‘सापडत नाही’. मनाई म्हटलं की आत काहीतरी आहे हे समोरच्याला कळतं. अस्तित्वच सांगायचं नसेल तर ४०३ ऐवजी ४०४ देण्याची मुभा त्याच आरएफसीनं दिली आहे. व्याजदराच्या वाटेवर ४०४ द्या आणि सभासदांच्या पत्रकात त्या सेवेचं नावही घेऊ नका. अर्थात हा नुसता आडोसा आहे. लॉगिन आणि अधिकारांची तपासणी आतल्या सेवेनं स्वतः करायलाच हवी.