शेंडीवाल्या कोंबड्याला शेंडीवालीच कोंबडी लावावी का?

शहादा_परसबाग
राम राम मंडळी. शेंडीवाला गावरान कोंबडा १ (सिल्कीचा संकर वाटतो) आणि शेंडीवाल्या कोंबड्या ४. खुडूक कोंबडीखाली १४ अंडी ठेवली, ९ पिल्लं निघाली. त्यातल्या ३ पिल्लांच्या शेंडीखाली मऊ टेंगूळ आहे, हात लावला तर हाड जाणवत नाही. एक पिल्लू मान मागे टाकून आभाळाकडे बघत बसतं. शेंडी × शेंडी केलं की पाव हिस्सा पिल्लं अंड्यातच मरतात असं एकानं सांगितलं. खरं आहे का? पुढची जोडी कशी लावू?

पांझराकाठ
पाव हिस्सा मरण्याचं गणित बदकांचं आहे भाऊ. शेंडीवाल्या बदकात शेंडीच्या जनुकाच्या दोन प्रती (आईकडून एक, बापाकडून एक) एकत्र आल्या की गर्भ अंड्यातच मरतो. कोंबडीत तसं होत नाही, दोन प्रतींचा पक्षी जगतो आणि त्याची शेंडी मोठी येते. एक प्रत असेल तर शेंडी लहान, न दिसणारी मात्र क्वचितच.

कोंबडीतला खरा धोका कवटीचा. पोलिश, हुदान, सिल्की या जातींत शेंडीखाली कवटीचं हाड फुगीर असतं, काहींत नीट भरतच नाही आणि मेंदू वर येतो. तुमचं टेंगूळ तेच. दोन प्रतींच्या पक्ष्यात हे जास्त, एका प्रतीच्या पक्ष्यात फार कमी. दोन्हीकडून एकेक प्रत असेल तर सरासरी ४ पिल्लांत १ बिनशेंडीचं, २ एका प्रतीची आणि १ दोन प्रतींचं निघतं. ९ मध्ये ३ टेंगळं म्हणजे आकडा फार लांब नाही. पण मोठी शेंडी म्हणजे उघडी कवटी असा नियम नाही. मोठी शेंडी आणि बंद कवटी असलेले पक्षीही असतात, निवड त्यांचीच करायची.

साक्री_गावरान
आधी एक, ते टेंगूळ पुन्हा पुन्हा दाबून बघू नका. खाली हाडच नाही. दुसऱ्या पिल्लाची एक चोच बसली तरी झटके येतात. ती तिन्ही वेगळी ठेवा. काहींचं हाड वाढीबरोबर भरत जातं, तरी पैदाशीला ती घ्यायची नाहीत. पायात रिंग घाला, नाहीतर चार महिन्यांनी कुठलं कोणतं ते कळणार नाही.

मान टाकणारं पिल्लू दिसलं की लगेच रक्ताला दोष देऊ नका. ब१ जीवनसत्त्व कमी पडलं तरी पिल्लू असंच आभाळाकडे बघतं, ई कमी पडलं तर तोल जातो. पाण्यातून जीवनसत्त्वं देऊन बघा. एकापेक्षा जास्त पक्षी मान वाकडी करू लागले, सोबत हिरवी हगवण आणि घरघर असेल तर ती मानमोडी (राणीखेत रोग). मग वेगळं करा आणि पशुवैद्यकाला बोलवा. पहिली लस ५ ते ७ दिवसांची असताना दिली होती का?

शहादा_परसबाग
लस दिली आहे. कोंबड्यात एक प्रत आहे की दोन, हे कसं ओळखू? बिनशेंडीच्या ३ तलंगा (तरुण कोंबड्या) आहेत, पण त्या याच कोंबड्याच्या मुली.

पांझराकाठ
म्हणजे याच्यात एकच प्रत आहे, उत्तर तुमच्याच खुराड्यात आहे. दोन असत्या तर प्रत्येक पिल्लाला एक गेली असती, बिनशेंडीच्या मुली झाल्याच नसत्या. ज्यांना असा पुरावा नाही त्यांनी कोंबडा बिनशेंडीच्या, नात्याबाहेरच्या कोंबडीला लावावा. एक जरी पिल्लू बिनशेंडीचं निघालं तर प्रत एक. ७ पैकी ७ शेंडीची निघाली तर दोन समजा, चुकायची शक्यता १२८ मध्ये १.

मुलींना हा कोंबडा लावू नका. बाप-मुलीच्या जोडीत अंतःप्रजनन २५ टक्के होतं. अंड्यांतून पिल्लं निघणं कमी, पिल्लं किरटी, आणि लपलेले दोष वर येतात. याला दुसऱ्या गावच्या बिनशेंडीच्या कोंबड्या आणा, निम्मी पिल्लं शेंडीची मिळतील आणि डोकी शाबूत राहतील. सगळीच शेंडीची हवी असतील तर दोन प्रतींचा, बंद कवटीचा कोंबडा शोधा आणि माद्या बिनशेंडीच्याच ठेवा. शेंडी एकाच बाजूनं येऊ द्यायची, एवढं धरून चला. त्या पिल्लांची आपसात जोडी लावली की पुन्हा पाव हिस्सा दोन प्रतींची.

साक्री_गावरान
आणलेल्या कोंबड्या आधी दुसऱ्या कोंबड्यासोबत असतील तर ३ आठवड्यांपर्यंतची अंडी हिशेबात धरू नका, आधीच्या नराचं बीज मादीच्या पोटात तेवढे दिवस टिकतं. आणि उलट्या पिसांचा पक्षी यात मिसळू नका. उलटपिसं × उलटपिसं केलं की पाव पिल्लं जवळजवळ उघडी राहतात, आणि तापीकाठच्या उन्हात तसं पिल्लू भाजून निघतं.

शेंडी डोळ्यांवर येत असेल तर कात्रीनं समोरची पिसं कापा. नराला दिसत नसलं की अंडी रिकामी जातात, दोष मात्र कोंबडीवर येतो. शेंडीत उवाही लपतात, दर पंधरा दिवसांनी फुंकर मारून मुळं बघा.

मे महिन्यात बॅच लावणार असाल तर अंडी खोलीत ठेवू नका. १५ ते १८ अंशांत ठेवा आणि ७ दिवसांच्या आत कोंबडीखाली बसवा. ४० अंशांच्या खोलीत गर्भ अर्धवट वाढून मरतो, आणि मग फोडल्यावर लोक म्हणतात शेंडीमुळं मेलं.