जेवणानंतरचा गणिताचा तास: हालचाल आणि श्वास नेमके कसे बसवायचे?

खडूफळा
सहावीचा वर्ग, पट ४२, बाकं हलवायला जागा नाही. पोषण आहार झाला की लगेच ३५ मिनिटांचा गणिताचा तास. निम्मी मुलं पेंगतात, उरलेली चुळबुळ करतात. थोडी हालचाल आणि श्वासाकडे लक्ष असं काही रोज करून घ्यायचं आहे, पण अभ्यासाचा वेळ न खाता. कोणत्या क्रमाने, किती वेळ?

मैदान
आधी हालचाल, मग श्वास. पेंगणाऱ्या मुलाला सुरुवातीलाच डोळे मिटायला लावले तर ते झोपणारच.

बाकाशेजारी उभं राहून, बाक धरून टाचा उचलणं १० वेळा. मग हात वर ताणून ५ आकडे. मग जागच्या जागी उजवा तळहात डाव्या गुडघ्याला, डावा उजव्याला, असं २० वेळा. दोन मिनिटांत होतं. उड्या, पुढे वाकणं आणि कपालभाती भरल्या पोटी अजिबात नको, मुलांना मळमळतं. (गुडघ्याच्या या हालचालीने मेंदूचे दोन भाग जोडले जातात असं 'ब्रेन जिम' ही व्यायामपद्धत शिकवणारे सांगतात. त्याला पुरावा नाही. मुलं जागी होतात, आपलं काम तेवढंच.)

नंतर बसून ३ आकडे श्वास आत, ५ आकडे बाहेर, असं ६ वेळा. श्वास रोखायला लावू नका. सर्दी असेल त्याने तोंडाने सोडावा. डोळे मिटण्याची सक्तीही नको, बाकावरच्या एका ठिपक्याकडे पाहिलं तरी चालतं.

हे बिघडतं ते एका सवयीने: गोंगाट झाला की सर म्हणतात, "चला, श्वास घ्या." मग तो श्वास म्हणजे नवी 'हाताची घडी, तोंडावर बोट' होते आणि मुलं त्याला शिक्षाच समजतात. रोज ठरल्या वेळी घ्या, वर्ग शांत असला तरी.

आनापान
एक भर घालतो. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने आपल्या राज्यात राबवलेल्या 'मित्र उपक्रमा'त १० मिनिटं आनापान असतं. त्यात आकडे मोजत नाहीत, श्वास लांबवत नाहीत. नैसर्गिक श्वास नाकाशी नुसता जाणायचा. तुमच्या शाळेत ते चालू असेल तर वरची ३-५ ची मोजणी त्यात मिसळू नका, मुलं गोंधळतात.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. ब्रिटनमधल्या 'मिरियाड' अभ्यासात ११ ते १४ वयाची ८,००० हून अधिक मुलं होती. २०२२ साली निष्कर्ष आले: वर्गात सजगता (माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे, आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देणं) शिकवल्याने मुलांचं मानसिक आरोग्य नेहमीच्या शिकवण्यापेक्षा सुधारलं नाही. बहुतेक मुलं घरी सरावच करत नव्हती. म्हणून हे वर्गातच, थोडं आणि रोज.

संख्यारेषा
माझं मत जरा वेगळं आहे. हालचाल धड्याच्या आधी कशाला, धड्यातच आणा. सहावीला पूर्णांक आहेतच. फळा आणि पहिल्या बाकाच्या मध्ये खडूने −५ ते +५ रेषा काढा, ३० सेंटिमीटरवर एक खूण. ३ मीटर जागा पुरते. नियम दोनच. बेरीज असेल तर धन बाजूला तोंड, वजाबाकी असेल तर ऋण बाजूला. पुढची संख्या धन असेल तर पुढे चाला, ऋण असेल तर तोंड न फिरवता मागे. आता ३ − (−२): मूल ३ वर उभं राहतं, वजाबाकी म्हणून ऋण बाजूला वळतं, −२ म्हणून दोन पावलं मागे जातं. पोचतं ५ वर. 'वजा वजा अधिक' घोकायची गरज उरत नाही.

हमखास होणारी चूक: उभ्या असलेल्या खुणेलाच मूल 'एक' म्हणतं आणि एक घर कमी जातं. पाऊल टेकल्यावरच आकडा मोठ्याने म्हणायचा, हे पहिल्या दिवशीच पक्कं करा.

खडूफळा
पण रेषेवर एक चालतो तेव्हा ४१ जण काय करतील?

संख्यारेषा
प्रत्येकाच्या वहीत तीच रेषा, खुणा १ सेंटिमीटरवर. रेषेवरच्या मुलाबरोबर सगळे तर्जनी आणि मधलं बोट पायांसारखी चालवतात. तर्जनीचं नख हे तोंड, ते कुठल्या बाजूला आहे ते बाकांमधून फिरताना पाहा. ज्याचं उत्तर चुकतं, त्याचं नख बहुधा वळलेलंच नसतं. दर दोन गणितांनी चालणारं मूल बदला.